दाराबाहेरचा पाय

आमच्या दाराबाहेर चपलांच्या रांगेत एक पाय उभा दिसला की समजायचं, फौजी आत आला आहे. डावा पाय. गुडघ्याखालचा भाग लाकडाचा, वर मांडीला आवळायचे चामड्याचे पट्टे, दोन्ही बाजूंना पोलादी बिजागऱ्या आणि तळाशी काळा फौजी बूट. चौकटीला टेकवून, बुटाचं टोक रस्त्याकडे करून तो नीट ठेवलेला असे. दूध घालायला येणारी बाई पहिल्यांदा तो पाय पाहून चरवी पायरीवरच ठेवून गेली, ती दोन दिवस फिरकली नाही. पुढे तिला इतकी सवय झाली, की पाय दिसला नाही तर फौजीभाऊ आजारी आहेत का म्हणून विचारायची.

पाय बाहेर ठेवण्याचं कारण साधं होतं. त्याला बूट होता, आणि बूट घालून कुणाच्या घरात जात नाहीत. मी त्याला पहिल्या भेटीतच म्हटलं होतं, की आमच्याकडे कोणी काही म्हणणार नाही, तू पायासकट ये.

“बुटाले गावची घान लागून रायते, मास्तर.”

“मग नुसता बूट काढ.”

“बूट खिळ्यानं ठोकला हाय. येतीन त दोघं येतीन, नाईत कोनीच नाई येनार.”

मग भिंतीला धरून लंगडी घालत तो आत येई आणि जमिनीवर बसे. खुर्चीवर तो कधी बसला नाही. बायकोने चहा आणला की कप दोन्ही हातांत धरून, पितळी लोटा पाहावा तसा त्याच्याकडे पाहत राही आणि मग एका दमात पिऊन टाकी. आमच्या घरी यायला लागल्यावर बऱ्याच दिवसांनी मला कळलं, की बालाघाटात आपल्याला घरच्याच कपात चहा देणारी घरं त्याने मनात वेगळी काढून ठेवली होती आणि ती फार नव्हती.

त्याचं गाव आमच्या बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीकडचं. घरची थोडी धानाची जमीन, ती भाऊ कसायचा. छप्पन साली त्याचा बाप गावच्या चारचौघांबरोबर नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला. पुढच्याच महिन्यात राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, विदर्भ तिकडे मुंबई राज्यात गेला, आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो आणि आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली. म्हणजे दोन महिन्यांत त्याच्या घराचा धर्म बदलला आणि गावाची राजधानी बदलली. गावची विहीर मात्र होती तिथेच होती, आणि तिच्यावर पाणी भरण्याचे नियमही. तो काही वर्षांनी फौजेत भरती झाला. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, फौजेत सगळ्यांच्या ताटात एकच कढई रिकामी होते, असं कुणी तरी सांगितलं होतं.

पासष्टच्या लढाईत त्याचा पाय गेला आणि त्याला पदक मिळालं. ही हकीगत बालाघाटात इतक्या वेळा, इतक्या मंचांवरून सांगितली गेली, की तिचं मूळ रूप कुणाला आठवेना. दर पंधरा ऑगस्टला शत्रू वाढत होते. पहिल्या वर्षी त्याने एक जळती गाडी रिकामी केली होती. तिसऱ्या वर्षी तो एकट्याने रणगाडे अडवू लागला. तो स्वतः मंचावर बसून हे सगळं लक्ष देऊन ऐकत असे, जणू पुढे काय झालं याची त्यालाही उत्सुकता आहे.

एकदा आमच्या शाळेत मुलांसमोर त्यालाच बोलायला उभं केलं. मुलं कानात प्राण आणून बसली. तो म्हणाला, तिकडे जमीन काळी आणि सपाट आहे. बांध लांब लांब आहेत. ऊस माणसाच्या डोक्याच्या वर होता. पाणी भरपूर. आपल्याकडचं धान तिथे लावलं तर दुप्पट येईल. एवढं बोलून तो खाली बसला. हेडमास्तरांनी घाईने उठून उरलेली लढाई हिंदीत सांगितली.

मला त्याने ती एकदाच सांगितली, आमच्या ओट्यावर, बिजागऱ्यांना तेल देता देता. गाडी पेटली होती. एकाला ओढून काढलं. आत दुसरा ओरडत होता. तो परत गेला, त्यालाही काढलं, आणि मागे सरताना पाय सुरुंगावर पडला.

“भीती नाही वाटली?”

“वाटली ना. पन तो ओरडूनच राह्यलता. जावं त लागंनच.”

तेल देणं हा त्याचा खरा नेम होता. बिजागऱ्यांना थोडं, चामड्याच्या पट्ट्यांना पुष्कळ. जवसाच्या तेलाची एक लहान बाटली त्याच्या सदऱ्याच्या खिशात कायम असे, आणि सदऱ्याला तिचा वास. चामडं सुकलं की तडकतं, तडकलं की मांडीला चावतं, असं तो सांगे. बुटाला मात्र तो कधी पॉलिश करत नसे. चालायला पट्टा लागतो, बूट लोकांना लागतो, असं त्याचं म्हणणं होतं.

फौजेतून परतल्यावर गावात त्याचा जीव रमला नाही. लाकडाचा पाय धानाच्या चिखलात रुततो. रोवणीच्या दिवसांत त्याला बांधावर बसवून ठेवत आणि बाकीचे वाकून परे, म्हणजे धानाची रोपं, लावत. एका पावसाळ्यात तो बायकोला घेऊन शहरात आला. एका खोलीत राहू लागला. बायको विड्या वळायची. तिचा हात मशीनसारखा चाले आणि तोंड त्याहून जोरात. तो तिच्यासमोर तेंदूची पानं कापत बसे आणि तिला ते बघवत नसे. पुरुषासारखा पुरुष दिवसभर आपल्यासमोर मांडी ठोकून बसतो, याची तिला चीड होती. चीड त्याच्यावर नव्हती, पण निघे त्याच्यावरच.

त्याला काम हवं होतं. एवढी एकच गोष्ट त्याने या शहराकडे मागितली. आणि शहराने ती नाकारण्याची जी रीत शोधून काढली, तिला तोड नव्हती. तो कुठल्याही कचेरीत गेला, की साहेब उठून उभे राहत. खुर्ची मागवत. चहा मागवत, तोही पाहुण्यांच्या वेगळ्या कपात. तुमच्यासारख्या वीराला आम्ही पहाऱ्याला कसे उभे करणार, तुमच्या हातात झाडू कसा देणार, असं गहिवरून विचारत, आणि फाटकापर्यंत पोचवायला येत. जंगल खात्यात गेला, राइस मिलमध्ये गेला, बसच्या स्टँडवर तिकिटाच्या खिडकीपाशी गेला. सगळीकडे खुर्ची.

“खुर्ची देल्ली की समजाचं मास्तर, काम नाई,” तो मला म्हणाला. खुर्चीवर न बसण्याचं कारण मला त्या दिवशी समजलं.

मग आमच्या शाळेचा घंटी वाजवणारा म्हातारा चपराशी निवृत्त व्हायच्या बेताला आला. अशा जागांवर माजी सैनिकांचा हक्क असतो, असं कुणी तरी शिक्षण कचेरीच्या ध्यानात आणून दिलं, आणि खुर्ची मध्ये न येता थेट त्याच्या नावाचा हुकूम निघाला. हेडमास्तरांनी तो वाचला आणि बराच वेळ चष्मा पुसला.

फौजीने मात्र त्या दिवसापासून शाळेत यायला सुरुवात केली. रुजू व्हायला अवकाश होता. तरी तो सकाळी येई, आंब्याला टांगलेल्या रुळाच्या तुकड्याखाली बसे, आणि म्हाताऱ्याची घंटी ऐके. ऐकून नापसंतीने मान हलवी. म्हातारा घंटी हाणतो, ती वाजवायची असते, असं त्याचं मत होतं. शेवटची घंटी लांब असावी, मैदानाच्या पलीकडची मुलंही उठली पाहिजेत, मधल्या सुट्टीची मोकळी, परीक्षेची कोरडी. आमच्या ओट्यावर बसून तो बोटांनी पायरीवर या घंट्या वाजवून दाखवी. इतकं बोलताना मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. त्याच्या बायकोने सबंध आळीत सांगितलं होतं, की हा आता दिवसाचा घरात नसणार, आणि ते सांगताना ती प्रथमच हसत होती.

चपराशाच्या कामात घंटीखेरीज आणखी एक गोष्ट होती. विहिरीवरून बादलीने पाणी आणून माठ भरायचे: एक मुलांचा, एक शिक्षकांचा. हुकूम आल्यावर आठवड्याभरात आमच्या शिक्षकांच्या खोलीत दोन सुरया आणि एक पितळेची फिरकीची लोटी दाखल झाली. गणिताच्या सरांना डॉक्टरांनी घरचंच पाणी प्यायला सांगितलं होतं. संस्कृतच्या सरांना विहिरीच्या पाण्यात अलीकडे क्षार जाणवत होते. हे दोघेही पंधरा ऑगस्टला त्याला हार घालायला पुढे असत. मी ही गोष्ट त्याच्यापासून लपवायचं ठरवलं होतं, पण त्याने खिडकीतून सुरया पाहिल्या होत्या.

“हार घालाले हात नाई लागत, मास्तर,” तो म्हणाला. “पानी द्यायले लागते.”

ते बोलून तो पुन्हा रुळाच्या तुकड्याकडे पाहू लागला. त्याला याचं नवल नव्हतं. पाणी पिवोत न पिवोत, घंटी सगळ्यांना ऐकावी लागणार होती.

तो रुजू व्हायच्या आदल्या आठवड्यात नगरपालिकेच्या नव्या वाचनालयाचं उद्घाटन निघालं. इमारत पूर्ण झाली होती, काचेची कपाटं आली होती. पुस्तकं यायची होती. भोपाळहून मंत्री येणार होते. अर्थातच मंचावर फौजी हवा होता. मी हार पोचवण्याच्या कामावर होतो. सरकारी समारंभात शिक्षकांना दिलं जाणारं हे नेहमीचं काम. म्हणून पुढे जे घडलं ते मी अगदी जवळून पाहिलं.

मंचावर दीप लावायचा होता, फुलांत फोटो ठेवला होता, म्हणून पादत्राणं खाली. सगळ्यांनी पायऱ्यांपाशी चपला-बूट काढले. त्यानेही काढला. मंत्र्यांच्या चकचकीत बुटांशेजारी त्याने आपला पाय उभा केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून वर आला. त्याला खुर्चीवर बसवलं; तिथे नाही म्हणायची सोय नव्हती.

थोड्या वेळाने नगराध्यक्षांचं लक्ष पायऱ्यांकडे गेलं. चपलांच्या ढिगात वीराचा पाय. हे त्यांना बघवलं नाही. ते मनाने वाईट गृहस्थ नव्हते. लालबर्ऱ्याला त्यांची मिल होती आणि देशभक्तीपर भाषणांनी त्यांचे डोळे खरोखर पाणावत. त्यांनी कुणाला तरी खुणावलं. पाय उचलून आणला गेला, मंचाच्या कडेच्या टेबलावर तिरंग्याच्या रंगांची झालर पसरून त्यावर ठेवला गेला. अध्यक्षांनी त्याला हार घातला. मग गुलालाचं बोट लावलं.

मंत्री बोलायला उठले. बोलता बोलता त्यांना टेबलावर झालर, हार, गुलाल आणि मधोमध एक पाय दिसला. अशा मांडणीचा अर्थ त्यांच्या धंद्यात एकच होतो. ते थांबले. आवाज खाली आणला.

“यह पैर नहीं है,” ते म्हणाले. “यह इस नगर की धरोहर है. हमारे वीर जवान ने आज इसे वाचनालय को अर्पण किया है. आने वाली पीढ़ियाँ इसे देखेंगी.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. फौजी माझ्याकडे झुकला. हिंदी त्याला माझ्याइतकीच कळत होती, तरी त्याने विचारलं.

“मास्तर, काय म्हनून राह्यले साहेब?”

“शहराचा ठेवा म्हणून तू पाय वाचनालयाला दिलास म्हणतात.”

“मी कवा देल्ला?”

तेवढ्यात मंत्र्यांनी येऊन त्याला मिठी मारली. फोटो निघाला. तो पुढे वर्तमानपत्रात आला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचे भाव पाहून वीर भारावून गेल्याचं खाली छापलं होतं.

मी अध्यक्षांना गाठलं आणि सांगितलं, की त्याने पाय अर्पण केलेला नाही, फक्त बाहेर काढून ठेवला होता. त्याला घरी जायला तो लागेल. अध्यक्ष गोंधळले. मंत्र्यांची गाडी निघत होती, तिकडे पाहत ते म्हणाले, आता साहेब सगळ्यांसमोर बोलून गेले, उद्या बघू. पाय वाजतगाजत वाचनालयात गेला आणि काचेच्या पहिल्या कपाटात उभा राहिला. फौजीला अध्यक्षांच्या जीपने घरी सोडलं. मी आणि जीपवाल्याने उचलून खाली उतरवलं. बायको दारात होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, जीपमध्ये वाकून पाहिलं.

“पाय कोठी हाय?”

आम्ही सांगितलं.

“नवरा सरकारले देल्ला,” मग ती जीपवाल्याला म्हणाली. “पाय म्युनिसपालटीले देल्ला. आता मी राह्यली. तुमच्या साहेबाले इचार, मले कोनाले देनार हायेत.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नगरपालिकेत गेलो. तो कुणाच्या तरी जुन्या कुबड्या घेऊन. अध्यक्षांनी खुर्ची दिली. म्हणाले, पाय परत घेतला तर मंत्र्यांचा शब्द खोटा पडेल आणि शहराची शोभा होईल. शिवाय फौजेला पायांची काय कमी, नवा मागवून घ्या, लागेल तो जोर आम्ही लावतो. नव्या पायासाठी कळवलं. जिथून तो मिळाला होता तिथून उत्तर आलं, की जुना पाय जमा करा आणि नवा घेऊन जा. त्यांचंही बरोबर होतं. ते उत्तर घेऊन आम्ही पुन्हा अध्यक्षांकडे गेलो. अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, राष्ट्राला अर्पण केलेली वस्तू जमा कशी करणार. या खोलीतून त्या खोलीत असं आमचं बरेच दिवस चाललं, आणि प्रत्येक खोलीत खुर्ची होती. पण हे सगळं पुढचं. रुजू व्हायचा दिवस त्याआधीच येऊन गेला होता.

त्या दिवशी तो शाळेत कुबड्यांवर आला. धुतलेला सदरा, छातीवर पदक. हेडमास्तर कधी नव्हे इतके मऊ झाले होते. त्यांनी त्याला घंटी वाजवायला सांगितली. एक कुबडी काखेत दाबून, दुसरी आंब्याला टेकवून त्याने वाजवली. खरंच वाजवली, वर्गांतली मुलं उगीचच उठून उभी राहिली. मग हेडमास्तरांनी त्याला विहिरीवरून बादली आणायला सांगितली.

कुबड्या घेतल्या की माणसाचे हातही जातात. ही गोष्ट मी तोवर कधी विचारात घेतली नव्हती. पाय होता तेव्हा त्याला दोन हात होते. त्याने बादली भरली. मग एका कुबडीवर तोल सावरत, बादली हातात घेऊन निघाला. पाच-सहा पावलांत निम्मं पाणी त्याच्या सदऱ्यावर आणि उरलेलं जमिनीवर सांडलं. त्याने पुन्हा भरली. पुन्हा सांडली. व्हरांड्यात सगळे शिक्षक उभे होते. संस्कृतच्या सरांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

“पानी पोट्टे आनतीन, साहेब,” तो हेडमास्तरांना म्हणाला. “घंटी मी वाजवतो. घंटी त आली मले.”

हेडमास्तर म्हणाले की कामाचे असे तुकडे करता येत नाहीत. मी आणि आणखी एक-दोघांनी सांगून पाहिलं, माठ आम्ही भरून घेऊ. ते नियमात बसेना. ज्या पाण्याला त्याचा हात लागू नये असं काहींना वाटत होतं, तेच पाणी आणता आलं नाही म्हणून तो नापास झाला. जागा पुढच्या माणसाला गेली. त्या माणसाची घंटी म्हाताऱ्यासारखीच होती. सुरया काही दिवसांत घरी परत गेल्या आणि विहिरीतले क्षारही कमी झाले.

त्यानंतरच्या सव्वीस जानेवारीला त्याला नेहमीप्रमाणे बोलावणं गेलं. मला वाटलं होतं तो येणार नाही. तो आला. मैदानात मंच होता, कलेक्टर होते, सगळी शाळा रांगेत उभी होती. पायऱ्यांपाशी चपलांचा ढीग होता. तो तिथे थांबला. खाली पाहिलं, आता काढण्यासारखं काय आहे ते शोधल्यासारखं. मग त्याने एक कुबडी काढून मंचाला टेकवून ठेवली. तिच्याशेजारी दुसरी. पहिल्या पायरीवर बसला, आणि हातांवर अंग उचलत, उलटा सरकत एकेक पायरी चढू लागला.

कुणाला काय करावं सुचेना. मी पुढे झालो, तर त्याने मान हलवून नको म्हटलं. वर पोचल्यावर तो वळला आणि दोन्ही हातांवर, उरलेला पाय ओढत, सबंध मंच पार करून आपल्या खुर्चीपर्यंत गेला. पदक सदऱ्यावरून लोंबत होतं आणि प्रत्येक सरकण्याला फळीवर आपटत होतं. त्या मैदानात तेवढाच आवाज होता. खुर्चीवर तो चढला नाही. तिच्या शेजारी खाली बसला. हार घालायला कलेक्टरांना गुडघ्यावर यावं लागलं. मग कुठून तरी टाळ्या सुरू झाल्या, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेनात.

घरी जाताना मी त्याला विचारलं, की हे का केलंस. मला वाटत होतं त्याने मुद्दाम केलं असावं. निदान तसं असावं अशी माझी इच्छा होती. त्याने माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं.

“कुबड्यायले माती लागलती, मास्तर.”

पुढच्या वर्षीपासून, वीराला त्रास होऊ नये म्हणून, त्याला बोलावणं पाठवणं बंद झालं.

मग तो संध्याकाळी वाचनालयात जाऊ लागला. तोवर थोडी पुस्तकं आली होती, चार माणसं वर्तमानपत्र वाचायला येत. तो कुबड्या दाराबाहेर ठेवून सरकत आत येई आणि पहिल्या कपाटासमोर जमिनीवर बसे. आत त्याचा पाय, बुटाशी अर्पणाची पाटी. ग्रंथपाल भला माणूस होता. तो त्याला वर्तमानपत्र द्यायचा. फौजी ते मांडीवर ठेवायचा आणि कपाटाकडे पाहत राहायचा. काही दिवसांनी त्याने खिशातून ती जवसाच्या तेलाची बाटली काढली आणि विचारलं, पट्ट्यांना तेवढं लावू द्याल का. परत मागत नाही, म्हणाला. तिथेच राहू द्या. फक्त चामडं सुकून राहिलं आहे.

कपाटाची किल्ली नगरपालिकेत होती. ग्रंथपालाने मागून पाहिली. मीही गेलो. धरोहरीला हात लावायचा तर सभेत ठराव लागेल, असं कळलं. ठराव कधी आला नाही.

दिवसा कपाटावर उन्हाची तिरीप येई. पहिल्या उन्हाळ्यात पट्ट्यांचा रंग उडाला. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांना बारीक रेघा पडल्या. त्या आम्हाला दिसत नसत. तो बोटाने काचेवरून दाखवी. पुढे पट्टा मधोमध फाटला तेव्हा मलाही दिसला. त्या दिवसानंतर त्याने बाटली आणली नाही. त्याच्या सदऱ्याचा जवसाचा वास हळूहळू गेला. आमच्या घरी येणंही कमी झालं, आणि आला तरी बोटांनी पायरीवर काही वाजवत नसे. बायको विड्या वळत राहिली, पण त्याला टोचून बोलायची थांबली. ती गप्प झाली, हे मला त्याच्या गप्प होण्यापेक्षा जास्त भीतिदायक वाटलं.

एकाहत्तरची लढाई झाली. बिरशाकडचा एक तरुण परत आला नाही, दुसऱ्या एकाचा हात गेला. शहराला नवे वीर मिळाले. नवे अध्यक्ष आले, ते नवी भाषणं करत. एकदा मी त्यांना जुन्या पायाबद्दल विचारलं, तर ते उदारपणे म्हणाले, घेऊन जाऊ देत ना, त्यात काय. मी धावतपळत फौजीच्या खोलीवर गेलो. त्याने आपल्या मांडीकडे बोट केलं. ती इतकी वाळली होती, की तो पाय तिच्यावर आता बसला नसता.

“राहू द्या तेले तिथंच,” तो म्हणाला. “तेची त नोकरी लागली हाय.”

त्याच्या तोंडून मी ऐकलेला हा एकच विनोद. तो हसला नाही, मीही नाही.

पंचाहत्तरच्या आसपास एका हिवाळ्यात खोकल्याचं निमित्त होऊन तो गेला. शोकसभा वाचनालयातच झाली, त्याच कपाटासमोर. जळत्या गाडीचे पुन्हा रणगाडे झाले. सभेनंतर काही मंडळी त्याच्या बायकोकडे गेली आणि पाय सन्मानाने परत करण्याची इच्छा बोलून दाखवली. ती विड्या वळत होती. तिने मान वर न करता, आता आणून घालणार कोण, एवढंच विचारलं. मंडळी परत आली. तिच्या दाराबाहेर कुणी तरी भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्याच्या कुबड्या तशाच उभ्या होत्या.

मी निवृत्त झालो तरी संध्याकाळी वाचनालयात जातो. त्या कपाटात आता खाली जुन्या मासिकांचे गठ्ठे आहेत आणि वर तो पाय. पट्टे गळून पडले आहेत. लाकडाला बारीक भोकं आहेत. दर पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी किल्ली येते, कपाट उघडतं, आणि नगरपालिकेचा माणूस त्या बुटाला पॉलिश करतो.